खुडूक कोंबडी : बसवावी की उठवावी?

खेड्यातील घराच्या परसात चारपाच कोंबड्या असल्या म्हणजे त्यांपैकी एखादी तरी केव्हा ना केव्हा खुडूक बसतेच. काल सकाळपर्यंत अंडे देणारी कोंबडी आज खुराड्याच्या कोपऱ्यात पिसे फुलवून बसून राहते, हात लावू गेल्यास चोच मारते, चारापाण्याकडे पाहत नाही आणि अंडीही देत नाही. अशा वेळी बहुतेक घरांतून दोनच प्रकार घडतात. हाताशी असतील ती अंडी तिच्याखाली घालून तिला बसविण्यात येते, किंवा 'बसू दे, आपोआप उठेल' असे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करण्यात येते. दोन्ही प्रकारांत विचार असा थोडाच असतो. नको त्या ऋतूत बसविलेली रवण फुकट गेली म्हणजे अंडीही जातात आणि कोंबडीचे अडीच महिनेही जातात. उलट, योग्य वेळी योग्य कोंबडी बसविली तर यंत्रावाचून, विजेवाचून आणि जवळजवळ खर्चावाचून दहा पिलांचा कळप उभा राहतो. म्हणून खुडूकपणा म्हणजे काय, तो केव्हा उपयोगात आणावा आणि केव्हा मोडावा, हे प्रत्येक कोंबडीपालकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

खुडूकपणा हा रोग नव्हे

आपल्या पाळीव कोंबडीचा मूळ वंश लाल रानकोंबडीचा आहे. रानातील मादी काही अंडी घालते, पुरेशी अंडी जमली की घालणे थांबविते आणि ती उबवावयास बसते. हाच स्वभाव देशी कोंबडीत आजही टिकून आहे. कोंबडीच्या मेंदूखाली असलेल्या एका लहानशा ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचा स्राव रक्तात मिसळतो. त्याचे प्रमाण वाढले की अंडकोश आखडतो, अंडी येणे बंद होते आणि कोंबडीला बसण्याची ओढ लागते. अंधारी व निवांत जागा, ऊबदार हवा आणि घरट्यात साचत गेलेली अंडी या गोष्टी ही ओढ वाढवितात. अंड्यांचा पोटाला होणारा स्पर्श तर ती टिकवून धरतो. कोंबडीच्या छातीखालची पिसे गळून तेथील कातडी उघडी व गरम होते. या उघड्या कातडीतूनच अंड्यांना ऊब मिळते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली ही की, खुडूक कोंबडी हट्टी किंवा आळशी नसते. तिच्या शरीरातच बदल झालेला असतो आणि म्हणून तिला मारून किंवा उपाशी ठेवून काहीही साधत नाही. दुसरी ही की, ज्या कारणांनी खुडूकपणा वाढतो ती कारणे दूर केली की तो ओसरतो. अंधार, ऊब, मऊ गवत आणि अंड्यांचा स्पर्श काढून घेणे हाच त्यावरील खरा इलाज होय.

जातीजातींत याबाबत मोठा फरक आहे. व्हाइट लेगहॉर्नसारख्या भरपूर अंडी देणाऱ्या जातीतून हा स्वभाव निवडीने जवळजवळ नाहीसा करण्यात आला आहे. गिरिराज, वनराज यांसारख्या परसातील सुधारित कोंबड्याही सहसा खुडूक बसत नाहीत. त्यामुळे ज्यांनी केवळ अशाच कोंबड्या पाळल्या आहेत त्यांना घरी पिले काढावयाची झाल्यास एखाददुसरी देशी कोंबडी बाळगावी लागते. कमी अंडी देते म्हणून देशी कोंबडी टाकाऊ ठरविण्यापूर्वी तिचे हे काम हिशेबात धरले पाहिजे.

ओळख कशी पटवावी

खुडूक कोंबडी रात्रीही दांडीवर न जाता घरट्यातच राहते. जवळ गेल्यास पिसे फुलवून गुरगुरते. उतरली तर 'क्लुक् क्लुक्' असा जाड आवाज काढीत फिरते व लगेच परतते. दिवसातून एकदाच, पण मोठी व दुर्गंधी विष्ठा टाकते. तिचा तुरा हळूहळू फिका व लहान दिसू लागतो.

आजारी कोंबडीही कोपऱ्यात बसते, म्हणून घोटाळा होऊ देऊ नये. आजारी कोंबडी डोळे मिटून, मान आखडून बसते. हात लावल्यास प्रतिकार करीत नाही. तिला हिरवी किंवा पांढरी हगवण असू शकते. अंडे अडलेली कोंबडी उभट अंगाने चालते व वारंवार जोर करते. खुडूक कोंबडीचे डोळे मात्र तरतरीत असतात व ती चोच मारावयास चुकत नाही. संशय असल्यास त्या कोंबडीला वेगळे ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.

बसविण्यापूर्वीचा हिशेब

देशी कोंबडीच्या एका फेराचा हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहू. समजा, एखादी कोंबडी २२ दिवसांत १५ अंडी देते. नंतर २१ दिवस ती उबवणीस बसते. पिले निघाल्यावर सुमारे ८ आठवडे, म्हणजे ५६ दिवस, ती त्यांना घेऊन फिरते. पुन्हा अंड्यावर येण्यास आणखी १४ दिवस धरले तर एक फेर ११३ दिवसांचा होतो. या गतीने वर्षात तीन फेर जेमतेम होतात व अंडी मिळतात ती पन्नासच्या आतबाहेर.

तीच कोंबडी खुडूक बसताच चार दिवसांत उठविली आणि पुढे दोन आठवड्यांनी अंड्यावर आली, तर तो फेर ४० दिवसांत संपतो. एका फेरात ७३ दिवस वाचले. पुरेसे खाद्य मिळाले तर तेवढ्या अवधीत ती अंड्यांचा निदान आणखी एक फेर देऊ शकते. अर्थात प्रत्येक वेळी उठवावे असा याचा अर्थ नव्हे. सर्वच कोंबड्या उठविल्या तर पिले कोठून येणार? मात्र प्रत्येक फेराला काहीतरी किंमत पडते आणि ती किंमत वसूल होईल अशाच वेळी कोंबडी बसवावी, हे तत्त्व होय.

यात ऋतूचा विचार सर्वांत महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उबवणीस सर्वांत चांगला. एप्रिल-मे महिन्यांत बसविलेली रवण बहुधा दगा देते. त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. फळलेल्या अंड्यातील गर्भ थंडाव्यात निद्रिस्त राहतो. परंतु हवेचे तापमान सुमारे २० ते २१ अंश सेल्सियसच्या वर गेले की तो अर्धवट वाढू लागतो. उन्हाळ्यात घरातील टोपलीत आठदहा दिवस ठेवलेल्या अंड्यांत कोंबडी बसण्यापूर्वीच अशी अर्धवट वाढ होऊन गर्भ दुबळा होतो किंवा मरतो. कोंबडी पुढे एकवीस दिवस इमानाने बसते खरी, पण ती नासकी अंडी उबवीत असते. शिवाय कडक उन्हात कोंबड्याची फलनशक्तीही मंदावते. भर पावसाळ्यात पिले निघाली तर ओल व चिखल यांमुळे रक्ती हगवण होऊन ती दगावतात.

समजा, मे महिन्यात बारा अंडी बसविली व चारच पिले निघाली. आठ अंडी गेली, कोंबडीचे अकरा आठवडे गेले आणि त्या चार पिलांतून पावसाळा पार करणारी किती, हा प्रश्न उरतोच. अंडी विकून घरचे मीठमिरची आणणाऱ्या किंवा मुलांच्या ताटात अंडे वाढणाऱ्या गृहिणीला हे नुकसान लहान नाही. म्हणून मार्च ते सप्टेंबर या काळात खुडूक बसलेली कोंबडी शक्य तो उठवावी आणि थंडीत खुडूक बसणाऱ्या कोंबड्यांपैकी उत्तम तेवढ्या बसवाव्यात.

कोंबडीची व अंड्यांची निवड

बसवावयाची कोंबडी निरोगी, मध्यम वजनाची व पूर्वी पिले नीट सांभाळलेली असावी. पहिल्याच वेळी खुडूक झालेली तलंग कित्येकदा अर्ध्यावर उठून जाते. फार जड कोंबडीखाली अंडी फुटतात. निवडलेल्या कोंबडीला दोन दिवस एकदोन फुटकळ अंड्यांवर बसवून परीक्षा पाहावी आणि ती टिकून बसली तरच खरी रवण घालावी. पंखांखाली उवा, पिसवा आहेत काय हे पाहावे. असल्यास कोरड्या राखेत तिला लोळू द्यावे. पिकांवर फवारावयाची विषारी औषधे कोंबडीच्या अंगाला कदापि लावू नयेत.

अंड्यांबाबत पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. अंडी फळलेली असावीत. आठ ते दहा माद्यांमागे एक जोमदार नर कळपात असला पाहिजे. अंडी देणाऱ्या व्यापारी शेडमध्ये नर नसतो. म्हणून दुकानातून आणलेली पांढरी अंडी कितीही दिवस उबवली तरी त्यांतून पिले निघत नाहीत. ही चूक आजही पुष्कळ ठिकाणी होते.

२. अंडी ताजी असावीत. थंडीत सात दिवसांपर्यंतची चालतील. उष्ण हवेत तीनचार दिवसांपेक्षा जुनी घेऊ नयेत. म्हणजेच कोंबडीने पहिल्या दिवशी घातलेले अंडे वीसबावीस दिवस जपून ठेवून तिच्याच खाली घालणे चुकीचे आहे. जुनी अंडी खाण्यास किंवा विक्रीस काढून शेवटच्या आठवड्यातील अंडी, व कमी पडल्यास कळपातील दुसऱ्या कोंबड्यांची ताजी अंडी, वापरावीत.

३. फार लहान, फार मोठी, वेडीवाकडी, तडकलेली किंवा पातळ कवचाची अंडी घेऊ नयेत. अंडी पाण्याने धुऊ नयेत. धुतल्याने कवचावरील संरक्षक थर जातो व जंतू आत शिरतात.

४. साठवणीसाठी ओल्या वाळूत बसविलेले मातीचे मडके उत्तम. मडक्यात कोरडे गवत घालून त्यावर निमुळते टोक खाली करून अंडी ठेवावीत, तोंडावर पातळ कापड बांधावे व मडके सावलीत, हवेशीर जागी ठेवावे.

५. एका कोंबडीखाली तिच्या पंखांत पूर्ण झाकली जातील एवढीच, म्हणजे १० ते १२ अंडी घालावीत. कडाक्याच्या थंडीत दोन कमी करावीत. जास्त अंडी घातली तर आळीपाळीने सर्वच उघडी पडून थंड होतात व जास्तीच्या लोभाने होते तेही जाते.

उबवणीचे एकवीस दिवस

सुमारे दीड फूट रुंद टोपली किंवा पसरट मातीचे भांडे घ्यावे. तळाशी वाळू व राख यांचा थर देऊन मध्ये किंचित खोलगट करावे व त्यावर भाताचा पेंढा किंवा कोरडे गवत पसरावे. जागा निवांत, अंधारी, पण हवेशीर असावी. कुत्रे, मांजर, मुंगूस व उंदीर यांची पोच तेथे नसावी. कोंबडी सायंकाळी बसवावी. रात्रभर बसून राहिली की ती नव्या जागेस रुळते.

जवळच पाणी व अखंड धान्य ठेवावे. ज्वारी, बाजरी किंवा मका यांपैकी जे असेल ते चालते. कोंबडी दिवसातून एकदा पंधरावीस मिनिटे उतरून खाते, पाणी पिते व विष्ठा टाकते. तेवढ्याने अंडी बिघडत नाहीत. एखादी कोंबडी उतरतच नाही. तिला पंखांखाली अंडे अडकलेले नाही असे पाहून हळुवार उचलावे व चाऱ्याजवळ ठेवावे, नाहीतर ती झिजून जाते. अंडी फिरविण्याचे काम ती स्वतःच चोचीने दिवसातून अनेकदा करते. तसे फिरविल्यामुळे गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटत नाही. आपण हात घालण्याचे कारण नाही.

सातव्या रात्री अंडी पारखावीत. जाड पुठ्ठ्याची नळी करून ती विजेरीच्या तोंडावर बसवावी आणि अंधारात अंड्याचे बोथट टोक नळीवर धरावे. फळलेल्या अंड्यात काळसर ठिपका व त्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या निघालेल्या लाल शिरा दिसतात. अंडे स्वच्छ दिसल्यास ते वांझ होय. रक्ताचे नुसते कडे दिसल्यास गर्भ मेलेला समजावा. अशी अंडी काढून टाकावीत. चौदाव्या रात्री पुन्हा एकदा पारख करावी.

या पारखीचा आणखी एक लाभ आहे. एकाच दिवशी दोन कोंबड्या बसविल्या असतील व पारखीनंतर दोघींखाली मिळून दहाबारा अंडी उरली, तर ती सर्व एकीखाली घालून दुसरीला लगेच उठविता येते. पुढे पिले निघाल्यावरही दोघींची पिले रात्री एकीच्या स्वाधीन करता येतात. एक कोंबडी पिले सांभाळते, दुसरी अंड्यावर येते.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये. वीस-एकविसाव्या दिवशी पिले बाहेर पडतात. कवच फोडून पिलाला बाहेर ओढू नये, त्याने रक्तस्राव होतो. पोटात सामावलेल्या बलकावर पिलू पहिला दिवसभर खाण्यावाचून राहू शकते, म्हणून घाई नसावी. तेविसाव्या दिवसापर्यंत न फुटलेली अंडी काढून पुरून टाकावीत.

दुसऱ्याची पिले वाढविणे

सुधारित जातीची एक दिवसाची पिले उबवणी केंद्रातून आणली तर त्यांना कृत्रिम ऊब द्यावी लागते. ज्या वाडीत विजेचा भरवसा नाही तेथे हे काम खुडूक कोंबडी चोख करते. दोनतीन आठवडे बसलेली कोंबडी याकरिता घ्यावी. रात्री अंधारात तिच्याखालची अंडी एकेक काढून त्यांच्या जागी एकदोन पिले सरकवावीत आणि तिने ती स्वीकारली असे दिसल्यास उरलेली घालावीत. एका कोंबडीस बारापर्यंत पिले झेपतात. पहाटे लक्ष ठेवावे. ती पिलांना टोचू लागल्यास पिले ताबडतोब काढून घ्यावीत. पिले एकदोन दिवसांहून मोठी असली की आईला ती परकी वाटतात व पिलांनाही आई कळत नाही.

पिलांचे संगोपन

पहिले पंधरा दिवस आई व पिले डालग्याखाली किंवा कुंपणाच्या आत ठेवावीत. घार, कावळा, मांजर व मुंगूस यांच्या तोंडी जाणाऱ्या पिलांची संख्या याच दिवसांत सर्वांत मोठी असते. तांदळाची कणी, बारीक भरडलेला मका किंवा ज्वारी व त्यात थोडी भुईमुगाची पेंड असे खाद्य द्यावे. बुरशी आलेली पेंड किंवा धान्य पिलांना विषासमान आहे. पाण्याच्या उथळ भांड्यात खडे घालावेत, म्हणजे पिले बुडत नाहीत. पिलांचे खाद्य आईने खाऊ नये यासाठी एका टोपलीला पिलांपुरती भोके पाडून ती उपडी ठेवावी व आत पिलांचे खाद्य ठेवावे.

मानमोडी अर्थात राणीखेत रोग एकदा शिरला म्हणजे वाडीतील कोंबड्या धडाधड मरतात. त्यावर लस हाच उपाय आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब, पुढे साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा तीच लस व आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचण्याची लस, असा क्रम पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने पाळावा. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते व एकदा तयार केलेली लस थोड्याच वेळात संपवावी लागते. एका घरच्या दहा पिलांसाठी ती कोण फोडणार? यास्तव वाडीतील आठदहा घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसविल्या तर पिले एका वयाची होतात व एकाच कुपीत सर्वांचे लसीकरण उरकते.

पिलांना पिसे फुटली म्हणजे, सुमारे पाचसहा आठवड्यांनी, त्यांना आईपासून वेगळे करण्यास हरकत नाही. पिले जितकी लवकर सुटी होतील तितकी कोंबडी लवकर अंड्यावर येते.

खुडूक मोडण्याची रीत

कोंबडी उठवावयाची ठरल्यास त्याच सायंकाळी उठवावी. जितका उशीर तितका बदल शरीरात मुरतो आणि उठविण्यास व पुन्हा अंड्यावर येण्यास अधिक दिवस लागतात. कृती सोपी आहे. बांबूच्या पट्ट्यांचा किंवा तारेच्या जाळीचा तळ असलेला पिंजरा किंवा विरळ विणीचे डालगे घ्यावे. ते विटांवर किंवा लाकडावर, जमिनीपासून फूटभर उंच, उजेडाच्या व वाऱ्याच्या सावलीत ठेवावे. आत गवत, पेंढा काहीही घालू नये. खालून वारा लागला की छातीखालची ऊब निघून जाते व बसण्याची ओढ ओसरते. चारा व पाणी मात्र भरपूर द्यावे. तीनचार दिवसांनी तिला सायंकाळी सोडावे. ती दांडीवर गेली तर काम झाले. पुन्हा घरट्याकडे धावली तर आणखी दोन दिवस कोंडावे. दरम्यान जुने घरटे हलवावे किंवा बंद करावे.

काही ठिकाणी खुडूक कोंबडीच्या नाकपुडीत पीस ओवतात, तिला थंड पाण्यात बुडवितात, पाय बांधून ठेवतात किंवा उपाशी ठेवतात. हे प्रकार क्रूर तर आहेतच, शिवाय नुकसानकारकही आहेत. नाकातील जखम चिघळते, ओलीचिंब कोंबडी गारठून आजारी पडते आणि उपाशी कोंबडीला अंडी देण्याइतकी ताकद येण्यास उलट अधिक काळ लागतो. ज्या कोंबडीकडून पुढे अंडी हवीत तिला या दिवसांत चांगले खाऊ घालावे, हेच शहाणपणाचे.

खुडूकपणा वारंवार येऊ नये म्हणून रोज सकाळ-दुपार दोन वेळा अंडी गोळा करावीत, घरट्यात 'खुणेचे' अंडे ठेवू नये आणि एक कोंबडी खुडूक दिसताच तिला घरट्यातून हलवावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व पशुसखींनी हा विषय व्याख्यानाने नव्हे, प्रात्यक्षिकाने शिकवावा. एखाद्या घरी सातव्या रात्री शेजारच्या स्त्रियांना बोलावून अंड्यांची पारख दाखवावी. अंड्यात धडधडणारा जीव व त्याच्या शेजारचे वांझ अंडे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही. उठविण्याचा एक पिंजरा वाडीत सर्वांच्या उपयोगासाठी करून ठेवावा. कोंबड्यांची देखभाल बहुतेक ठिकाणी घरची स्त्रीच करते. म्हणून सल्लामसलत तिच्याशीच करावी व तिचा अनुभवही ऐकून घ्यावा. कोणती कोंबडी चांगली आई आहे हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

प्रत्येक घराने भिंतीवरील दिनदर्शिकेवर चारच नोंदी ठेवाव्यात : कोंबडी बसविल्याचा दिवस, बसविलेली अंडी, निघालेली पिले आणि दोन महिन्यांनी जगलेली पिले. एका वर्षाच्या नोंदी समोर आल्या की कोणत्या महिन्यातील रवण लाभली व कोणती बुडाली, हे घरचे माणूस आपणच सांगू लागेल. पुढच्या वेळी कोंबडी पिसे फुलवून बसली म्हणजे तिला बसवावी की उठवावी, हा निर्णय त्याच नोंदींवरून घ्यावा.